ते हॉटेल कामगारांनी बुडवलं नाही



किनाऱ्यावरच्या त्या बंद हॉटेलाचा विषय निघाला की आपल्या घरांतून एक वाक्य ठरलेलं असतं. "युनियननं खाल्लं हो ते. सोन्यासारखं चाललेलं हॉटेल!" लग्नाच्या पंगतीत हे ऐकलं. चवथीला आलेल्या पाहुण्यांच्या तोंडून ऐकलं. परवा तर आपल्याच समूहात एका शिकल्यासवरल्या गृहस्थांनी हे असं ठासून लिहिलं, की जणू त्या संपाला ते स्वतः हजर होते. त्यात आता भुताची भर पडली आहे. कॉलेजची पोरं रात्री भिंतीवरून उड्या मारून आत जातात, मोबाइलवर चित्रण करतात, आणि तिसऱ्या मजल्यावर दिवा हलताना दिसतो म्हणून किंचाळतात. भुताचं नंतर बघू. आधी युनियनचं बघतो.

मी त्या हॉटेलात १९७५ च्या दिवाळीपासून १९७९ च्या एप्रिलपर्यंत नाइट ऑडिटर होतो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत बँकेत, आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं कर्जविभागात. म्हणजे हॉटेलाची वही मी आतून लिहिली आहे, आणि अशा धंद्यांची कर्जं कशी आजारी पडतात तेही टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं आहे. माझ्या बँकेचं या हॉटेलाला कर्ज नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो. हॉटेलाचं आणि गावाचं नाव लिहीत नाही. प्रकरण न्यायाधिकरणात आहे. बार्देशच्या किनाऱ्यावरचं म्हटलं की ज्यांना कळायचं त्यांना कळलंच.

नाइट ऑडिटर म्हणजे काय, ते आजच्या मुलांना ठाऊक नसेल. सगळं हॉटेल झोपलं की याचा दिवस सुरू. रात्री अकराला रेस्टॉरंट बंद झालं की किचन ऑर्डरच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर यायचा. बारच्या चिठ्ठ्या वेगळ्या, धोब्याच्या वेगळ्या, ट्रंक कॉलच्या वेगळ्या. प्रत्येक चिठ्ठी त्या त्या खोलीच्या खात्यावर चढवायची, आडवी बेरीज, उभी बेरीज, दोन्ही जुळल्या की पहाटे चारला वही बंद. बी.कॉम.ला ज्याला टॅब्युलर लेजर म्हणून दोन पानांत उरकलं होतं, ते इथे टेबलभर पसरलेलं असे. (गोवा विद्यापीठ १९८५ चं. आमची पदवी मुंबई विद्यापीठाची.) परदेशी पाहुण्यांनी बिल परकीय चलनातच भरायचं असा तेव्हा नियम होता, त्यामुळे ट्रॅव्हलर्स चेक, त्यांचे नंबर, एन्कॅशमेंटचे दाखले, हेही माझ्याकडेच. मुंबईहून येणारा पाहुणा बोटीने पणजीच्या धक्क्यावर उतरे. विमानाने आला तर दाबोळीहून कुठ्ठाळीला, तिथून फेरीबोटीने आगशीला, मग पणजी, मग मांडवीचा पूल. जुवारीवर पूल झाला १९८३ मध्ये. त्यामुळे रात्री दोनला चिखलाने बरबटलेला, फेरीची वाट पाहून वैतागलेला पाहुणा समोर उभा राहायचा, आणि त्याला ऑम्लेट-पाव करून घालायला स्वयंपाकघरातला माणूस झोपेतून उठायचा. ओव्हरटाइमची नोंद कुठेच होत नसे.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. मी हॉटेलात लागलो तेव्हा ते आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढा शिकलास तो काय लोकांची उष्टी काढायला?" मी टेबलावर बसतो, वही लिहितो, असं आईनं त्यांना समजावलं. शेजारीपाजारी तिने तेच सांगितलं: "तो ऑफिसात आहे हं, आत नाही." हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता संप. तो झाला १९७८ च्या पावसाळ्यात आणि चालला एकोणीस दिवस. का झाला, हे पंगतीत कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

पाहुण्याच्या बिलावर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला जाई. हा पैसा कंपनीचा नव्हे. पाहुणा तो नोकरांसाठी देतो, म्हणूनच वेगळी टिप देत नाही. मी रोज रात्री तो 'सर्व्हिस चार्ज देणे' या खात्याला जमा करायचो. खात्याचं नाव नीट वाचा. देणे. कॉमर्सच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं, की हे उत्पन्न नाही, ही देणी आहे. सीझनमध्ये त्यातून महिन्याला थोडं थोडं वाटप होई, उरलेलं खात्यात साचे. ते पावसाळ्यात वाटायचं, असा ठराव होता, कारण जून ते सप्टेंबर अर्धे लोक बिनपगारी घरी बसत. बोटसेवा बंद, पाहुणे नाहीत, समुद्र दारापर्यंत. त्या वर्षी जूनमध्ये व्यवस्थापनाने ते साचलेले पैसे छपराच्या दुरुस्तीला वापरून टाकले. जर्नल एन्ट्री माझ्या टेबलावर आली तेव्हा दिवसपाळीच्या अकाउंटंटनी ती करून झालेली होती. रूमबॉयला, भांडी घासणाऱ्या बायकांना, माळ्यांना सांगण्यात आलं की यंदा वाटायला काही नाही.

एवढ्यावर संप झाला. त्यात एक गोष्ट वाईट झाली, तीही लपवत नाही. पाचव्या दिवशी काही जणांनी पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, आणि दोन खोल्यांत उतरलेल्या म्हाताऱ्या पाहुण्यांचे हाल झाले. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण शेवटी तडजोड झाली, साचलेल्या रकमेतला अर्धा भाग तीन हप्त्यांत मिळाला, आणि ऑक्टोबरमध्ये हॉटेल पुन्हा सुरू झालं.

सुरू झालं आणि चाललं. किती वर्षं? हॉटेलाला टाळं लागलं २०१२ च्या मे महिन्यात. संप १९७८ चा. मधे चौतीस वर्षं गेली, आणि या काळात दुसरा संप एकदाही झालेला नाही. आता मला कोणी समजावून सांगा, की एकोणीस दिवसांच्या संपाचं विष चौतीस वर्षांनी कसं भिनतं?

मग बुडालं कसं? मी अंदाजाने बोलत नाही. कंपनीचे वार्षिक ताळेबंद कंपनी निबंधकाकडे दाखल करावे लागतात आणि फी भरून ते कोणालाही पाहता येतात. निवृत्तीनंतर मला वेळ होता, मी ते पाहिले. नव्वदीपासून दोन ओळी बघत गेलो. एक, इमारत आणि यंत्रसामग्रीवर केलेला नवा खर्च. ती ओळ दरवर्षी आक्रसत गेली, शेवटी तर नावापुरती उरली. दुसरी ओळ, संलग्न कंपन्यांना दिलेली कर्जं आणि उचल. ती फुगत गेली. हॉटेल गहाण ठेवून कर्ज काढायचं आणि पैसा दुसऱ्याच धंद्यात घालायचा, असा तो सरळ हिशेब. कर्ज हॉटेलाच्या डोक्यावर, व्याज हॉटेलाच्या डोक्यावर, मजा दुसरीकडे. पगाराची ओळ मोठी होती, नाही कशाला म्हणू. शे-दीडशे माणसं होती. पण शेवटच्या दहा वर्षांत व्याजाची ओळ तिच्या पुढे गेली होती. कामगार माजल्याने व्याज वाढत नाही, एवढं बँकवाल्याचं ऐका.

किनाऱ्यावरची इमारत म्हणजे रोज खाऊ मागणारं मूल. खारा वारा काँक्रीटमध्ये शिरतो, आतली सळी गंजते, गंजली की फुगते, आणि वरचा पापुद्रा सुटून पडतो. दर दोन-तीन वर्षांनी डागडुजी केली तर इमारत टिकते, टाळली की दहा वर्षांत खोल्या विकण्याच्या लायकीच्या राहत नाहीत. इथे ती टाळली गेली. मधल्या काळात धंद्याचं रूपही बदललं होतं. १९८७ मध्ये जर्मनीहून पहिलं चार्टर विमान दाबोळीला उतरलं आणि पुढे चार्टरचे पाहुणे हाच किनाऱ्याचा मुख्य आधार झाला. चार्टर कंपनी खोल्या एकगठ्ठा घेते आणि दर पाडून घेते. खोल्या भरलेल्या दिसतात, गल्ला मात्र पूर्वीइतका राहत नाही. ज्यांनी इमारतीत पैसा घातला ते हॉटेलवाले या दरातही तगले, आणि पुढे चांगले दर घेऊ लागले. आमच्या हॉटेलात गळक्या नळाला सुतळी बांधलेली असायची.

तरीही खरं कारण हेही नव्हे. आजारी हॉटेल विकता येतं, नवा मालक ते उभं करतो. अशी उदाहरणं गोव्यात आहेत. हे हॉटेल विकलंही नाही, चालवलंही नाही, पाडलंही नाही. बारा वर्षांहून जास्त तसंच उभं आहे. का?

याचं उत्तर जमिनीत आहे. १९८१ च्या नोव्हेंबरात इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवा. त्यातून पुढे १९ फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेडची अधिसूचना आली. आपल्यासारख्या किनारी गावांत भरतीरेषेपासून दोनशे मीटरच्या पट्ट्यात नवं बांधकाम बंद झालं. परवानगी राहिली ती फक्त आधीपासून असलेल्या अधिकृत बांधकामाच्या दुरुस्तीला, तीही जुन्या जोत्याच्या आत आणि जुन्या एफएसआयच्या आत. नियम पुढे बदलले, २०११ ची अधिसूचना आली, २०१९ ची आली. पण तेव्हापासून एक गोष्ट जमीनवाल्यांना पक्की कळली: समुद्राला लागून नवं हॉटेल बांधता येत नाही, म्हणून जुनं जोतं हेच सोनं.

आता त्या पडक्या भिंतींकडे नीट पाहा. त्यातली एकही खोली विकण्यालायक नाही, पण त्या उभ्या आहेत तोवर जोत्याचा हक्क उभा आहे. चालू हॉटेलाला पगार द्यावा लागतो, वीजबिल भरावं लागतं, पाहुण्यांची तक्रार ऐकावी लागते. बंद हॉटेलाला यातलं काही नाही. जागेचा भाव मात्र दर सीझनला वाढतो. ती मुदत ठेव आहे मंडळी! व्याज समुद्र देतो आणि ठेव मोडायची घाई कोणालाच नसते. मालकाला नसते, कर्ज विकत घेतलेल्या कंपनीला नसते, मधल्या दलालांना तर नसतेच. कांदोळीला २००० च्या जूनमध्ये रिव्हर प्रिन्सेस नावाचं जहाज रुतलं होतं, आठवतंय? भर किनाऱ्यावर दहा वर्षांहून जास्त ते गंजत पडलं होतं. ते तरी समुद्रात होतं. आमचं जहाज जमिनीवर रुतलं आहे, आणि ज्यांनी रुतवलं त्यांना ते काढायचंच नाही.

ठेव कोणाच्या पैशाची, ते आता सांगतो. मला या सगळ्यात खरी चीड आहे ती याची.

२०१२ च्या मे महिन्यात गेटवर पाटी लागली: 'नूतनीकरणासाठी तात्पुरते बंद'. या पाटीतला 'तात्पुरते' हा शब्द लाखमोलाचा आहे. पन्नास किंवा जास्त कामगारांची आस्थापना कायमची बंद करायची तर औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे साठ दिवस आधी सरकारला कळवावं लागे, आणि कामगाराला सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई द्यावी लागे. कायम बंद न करता 'तात्पुरतं' बंद केलं, की बंदच झालेलं नाही! कोणाला कामावरून काढल्याचं पत्र नाही. काढलं नाही म्हणजे नोकरी संपली नाही, मग ग्रॅच्युइटी कसली मागता? पुढच्या सीझनला बोलावू, म्हणाले. तो सीझन गेला, त्याच्या पुढचा गेला. माणसं पुढच्या ऑक्टोबरची वाट बघत म्हातारी झाली.

रक्कम किती, ते नुसतं ढोबळ बोलून उपयोग नाही. ग्रॅच्युइटीचं सूत्र १९७२ च्या कायद्यात दिलं होतं: शेवटचा मासिक पगार भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले सेवेची वर्षं. पगार म्हणजे तेव्हा मूळ वेतन आणि महागाई भत्ता. तिथल्या एका माळ्याचा हिशेब मी स्वतः करून दिला. १९८६ मध्ये लागला, म्हणजे सव्वीस वर्षं. शेवटचा पगार ७,८०० रुपये. सव्वीसने भागले, दिवसाला ३०० झाले. पंधरा दिवसांचे ४,५००. गुणिले सव्वीस वर्षं, १,१७,०००. कायद्याप्रमाणे ही रक्कम देय झाल्यापासून तीस दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासह. त्याला आजवर एक रुपया मिळालेला नाही. त्याच्या पगारातून शेवटची दोन वर्षं पीएफ कापला गेला तो भरलेला नाही, हे त्याच्या स्लिपा आणि पीएफ कार्यालयाचा उतारा शेजारी ठेवले की दिसतं. पगारातून कापलेला पीएफ ही मालकाकडे सोपवलेली अमानत असते आणि ती न भरणं हा फौजदारी विश्वासघात. कायद्यात हे स्पष्ट लिहिलेलं आहे.

तो माळी आता तिथे राहतो. जनरेटरच्या खोलीत. बंद झालं तेव्हा त्याला 'लक्ष ठेव' असं तोंडी सांगितलं गेलं, काही महिने थोडे पैसे आले, मग तेही थांबले. पण जागा सोडली तर 'तू स्वतःहून गेलास' म्हणतील ही त्याची भीती, आणि ती अगदीच खुळी नाही. रात्री तो बॅटरी घेऊन वर चढतो, कारण तांब्याच्या तारा आणि नळ चोरणारे येतात. पोरं ज्याला बघून किंचाळतात ते तिसऱ्या मजल्यावरचं भूत म्हणजे हा माणूस. साठी उलटलेला. गुडघे दुखतात म्हणून जिन्यात थांबत थांबत चढतो, त्यामुळे दिवा हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. त्या चित्रणाखाली आपल्यातल्याही मंडळींनी हात जोडल्याची चित्रं टाकली आहेत. जोडा हात. पण ते कोणाला, ते आता कळलं असेल.

माझ्या जुन्या बिरादरीचंही सांगतो, नाहीतर म्हणाल बँकवाला बँकेला झाकतोय. कंपनी रीतसर दिवाळखोरीत निघाली, तर कामगारांच्या थकबाकीला तारण असलेल्या बँकेच्या बरोबरीचा मान आहे. ही सुधारणा १९८५ मध्येच कंपनी कायद्यात आली, आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत चोवीस महिन्यांच्या थकबाकीपुरती ती टिकली आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटी निधीचे पैसे तर कर्जदारांत वाटायच्या मालमत्तेत धरायचेच नाहीत. पण हे सगळं प्रकरण त्या दारापर्यंत गेलं तरच. प्रत्यक्षात बहुतेक वेळा काय होतं? एकरकमी तडजोड. एका खोलीत बँकेचे किंवा कर्ज विकत घेतलेल्या कंपनीचे लोक, समोर मालक. शंभराचे साठ घेतो, म्हणतात. सही होते, गहाणखत सुटतं, जमीन मोकळी, दोघेही खूश. त्या खोलीत तिसरी खुर्ची कधी ठेवलेलीच नसते. मी अशा खोल्यांत बसलो आहे. कामगारांची थकबाकी किती, असा प्रश्न तिथे विचारला की सगळे घड्याळाकडे बघतात.

आणि आपण? आपल्याला युनियनची गोष्ट इतकी का आवडते? मी सांगतो, रागावलात तरी चालेल. आपण ऑफिसात होतो आणि ते आत होते, म्हणून. माझ्या आईचं ते वाक्य. आपल्या घरांतले मोजके लोक तिथे लागले ते टेबलावर: हिशेब, टपाल, स्टोअर. चार-पाच वर्षांत बँक, पोस्ट, सचिवालय अशी वाट धरून बाहेर पडले. किचनमध्ये होता तो बोटीवर उभी हयात काढलेला तारवटी, चादरी धुणारी पेडण्याची बाई, रेंदेराचा मुलगा, मासेमाराचा मुलगा. हॉटेल बुडालं तेव्हा आपला एकही पैसा बुडाला नाही. मग ज्याचा बुडाला त्याच्यावरच खापर फोडायला काय जातं? आपल्यातल्या एक-दोन घरांना जागेच्या व्यवहारात दलालीही सुटली आहे. ती घरं या गोष्टीचा सगळ्यात मोठ्याने पुरस्कार करतात, हेही मी पाहतो आहे.

"बाहेरचे येऊन हॉटेलांत भरले, आमच्या पोरांना नोकऱ्या नाहीत," ही दुसरी तक्रार त्याच तोंडून ऐकू येते. पस्तीस वर्षं राबलेल्या माणसाला ग्रॅच्युइटी न देता हाकलताना ज्या गावानं बघितलं, त्या गावातली पोरं हॉटेलात कशाला जातील? ती बघून शहाणी झाली. कुवेतला गेली, लंडनला गेली. जागा रिकामी झाली, बाहेरचे आले. यात कोडं काय आहे?

हे सगळं आजच लिहायला कारण आहे. गेल्या महिन्यात त्या कंपनीविरुद्धचा अर्ज मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणाने दाखल करून घेतला (गोव्याची प्रकरणं तिथेच चालतात), आणि दावे मागवणारी जाहीर नोटीस पेपरात आली. इंग्रजीत आणि एका प्रादेशिक दैनिकात, आतल्या पानावर, डोळ्यांत न भरणाऱ्या टायपात. ज्यांचे पैसे आहेत त्यांच्यातले निम्मे पेपर घेत नाहीत. काही जण वारले. दावा वारसांनाही करता येतो.

फायदा होईल का, असं दोघांनी विचारलं. खात्री कोणीच देऊ शकत नाही, पण जेट एअरवेजचं उदाहरण घ्या. तिथल्या कर्मचाऱ्यांचा न भरलेला पीएफ आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्या असा आदेश अपील न्यायाधिकरणाने २०२२ मध्ये दिला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. जुनी बाकी म्हणून मुदतीचा मुद्दा समोरचे वकील काढतीलच. काढू द्या. पीएफच्या वसुलीला मुदतीचं बंधन त्या काळच्या कायद्यात घातलेलं नव्हतं, आणि कामावरून काढल्याचं पत्र आजतागायत एकालाही दिलेलं नाही, ही त्यांचीच हुशारी आता त्यांना आडवी येऊ शकते. मात्र जो दावाच करणार नाही त्याला कोणी घरी आणून देणार नाही. नोटिशीतल्या तारखेनंतरही काही काळ दावा घेतात, पण त्यावर विसंबू नका.

तर आपल्या घरांकडून मला हवं आहे ते असं. तिथे ऑफिसात असलेल्यांच्या घरी जुने कागद नक्की असणार, आपण कागद टाकत नाही. १९९० नंतरचं मस्टर, पगारपत्रकाच्या कार्बन कॉपी, दिवाळीला काढलेला स्टाफचा ग्रूप फोटो, काहीही. कूक, रूमबॉय, धोबी यांच्याकडे नेमणूकपत्रं राहिलेली नाहीत. पावसात, घर बदलताना गेली. तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेतला एक कागद एखाद्याची वीस वर्षं सिद्ध करू शकतो. आणि तुमच्या शेजारपाजारी, वाड्यावर, त्या हॉटेलात राबलेलं कोणी असेल, तर त्याला निरोप द्या. येताना पीएफची स्लिप, ईएसआयचं कार्ड, पगार जमा व्हायचा ते जुनं पासबुक, आधार कार्ड, असेल ते आणावं. नसेल तर तसंच यावं. वारस असतील तर मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा.

कामगारांसाठीचा 'डी' नमुना मी छापून ठेवला आहे, भरूनही देतो. आतापर्यंत तेवीस भरले. माळ्याचा पहिला होता, त्यानं सही करायला चष्मा माझाच घेतला. म्हापशात माझं घर कुठे ते समूहाच्या चालकांना विचारा. सकाळी दहा ते एक मी असतो, शुक्रवार सोडून. शुक्रवारी बाजार.